देवसगावचे शून्य

देवसगावच्या धान्यतळावर मालगाडी येऊन लागली, की आता आरडाओरडा होत नाही. माणसाच्या सावकाश चालीने गाडी आत येते. मालगाडीच्या डब्याला रेल्वेतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या वाघीण म्हणत आली आहेत. ती पहिली वाघीण रुळांखालच्या लांबरुंद खड्ड्यावर पोचते आणि तिच्या पोटाखालची दारे आपोआप उघडतात. गव्हाचा लोट खाली उतरतो आणि तळाशी फिरणाऱ्या पट्ट्यावर स्वार होऊन कोठारांकडे चालू लागतो. आपण रिकाम्या झालो हे वाघिणीचे वाघिणीलाच कळते. ती दारे मिटून घेते आणि पुढे सरकते. तोवर तिच्या मागची खड्ड्यावर आलेली असते.

ज्यांनी या तळावर पोत्यांचे दिवस पाहिले होते, त्यांना हा सोहळा कितीही वेळा पाहिला तरी नवाच वाटे. पोत्याखाली मणक्याची झीज झाली नाही असा पुरुष एके काळी इथल्या हमालवाडीत शोधूनही सापडला नसता. ती पाठ मोडणारी ओझी ज्या यंत्रणेने उतरवली, ती उभारणारी अभियंता त्याच हमालवाडीत जन्मलेली होती, ही गोष्ट देवसगावला भूषणावह वाटत असे. तिचे नाव वैजयंती खरात.

तिचे वडील भागुजी खरात उतराईच्या टोळीचे मुकादम. यंत्रणा आल्यावर टोळीतले पुष्कळ जण शहराकडे गेले, काहींनी शेतीची वाट धरली. उरलेल्या मोजक्या बायामाणसांकडे देखरेखीचे काम आले. उतराई संपली की गाडीच्या कडेने चालत जायचे, प्रत्येक वाघिणीच्या बाजूच्या झरोक्यातून आत डोकवायचे, कुठे धान्य चिकटून राहिले नाही ना, कुठले दार अर्धवट मिटले नाही ना, हे पाहायचे. भागुजींची मुकादमी अशी शाबूत राहिली होती. तळ पाहायला कोणी पाहुणे आले, की ते स्वतः पुढे होत.

"हे खालून उघडतं ना, ते माझ्या पोरीनं केलंय," ते सांगत.

"सगळं तिनंच केलं का हो मुकादम? रूळ तरी रेल्वेनं टाकले असतील ना?" टोळीतली सकूबाई मागून विचारी. सकूबाईची जीभ पोत्याच्या सुईसारखी होती, आणि सुईसारखीच ती फाटलेले शिवतही असे.

"रूळ रेल्वेचे. पण चालायला शहाणपण लागतं, ते वैजूचं."

असे हे सुरळीत चालले असताना वैशाखातल्या एका सकाळी मापन परिषदेचे परीक्षक डॉ. त्रिविक्रम सबनीस देवसगावला आले.

ते का आले, हे कळण्यासाठी या वाघिणींचे अंतरंग थोडे जाणून घ्यायला हवे. प्रत्येक वाघिणीचा सगळा भार तिच्या चाकांवरच्या पोलादी तुळयांमधून खाली जातो. भार पडला की तुळई वाकते. ते वाकणे डोळ्यांना दिसत नाही. केसाच्या जाडीच्या अंशाइतकेच ते असते. त्या तुळयांना काचेचा एक बारीक तंतू चिकटवलेला असतो. तंतूत प्रकाश सोडला, की त्यावर कोरलेल्या अतिसूक्ष्म रेघा त्यातला एकच विशिष्ट रंग परतवतात. तुळई वाकली की तंतू ताणला जातो, रेघांमधले अंतर वाढते आणि परतणारा रंग किंचित बदलतो. त्या बदलावरून वाघीण आपले वजन ओळखते. उन्हाने पोलाद प्रसरण पावते, त्याचा हिशेब करायला ताण न पडणारा दुसरा तंतू शेजारीच असतो. तिला काट्यावर नेऊन उभी करावी लागत नाही. धावता धावताच ती स्वतःला तोलत असते.

परंतु कुठल्याही तोलाला आरंभबिंदू लागतो. वाघिणीची चाके झिजतात, स्प्रिंगा थकतात, अंगावर चिखल आणि रंगाचे थर चढतात. म्हणून प्रत्येक उतराईनंतर, पोट पूर्ण रिकामे झाल्याच्या क्षणी, ती आपले शून्य नव्याने निश्चित करते. पुढच्या साऱ्या प्रवासाचे माप त्या शून्यावर उभे असते. शून्य चुकले, तर देशभर फिरणारे धान्य कागदावर एक आणि कोठारात दुसरे होते.

हे ध्यानात घेऊन परिषदेने ठरवले होते, की देशातला एक धान्यतळ 'मूलशून्य स्थानक' म्हणून निवडावा. तिथे रिकाम्या झालेल्या वाघिणीचे शून्य सर्वांनी प्रमाण मानावे, आणि इतर तळांनी आपली शून्ये त्याच्याशी जुळवून घ्यावीत. तो मान देवसगावला मिळावा, हा वैजयंतीचा ध्यास होता. जिथे तिच्या वडिलांनी पाठीवर ओझी वाहिली, तिथल्या मापावर अवघ्या देशाने विश्वास ठेवावा, याहून मोठे काही मागावे असे तिला वाटत नव्हते.

सबनीस मितभाषी गृहस्थ होते. चहाचा पेला हातात घेऊन त्यांनी सरळ विषयाला हात घातला.

"वैजयंतीबाई, तुमची यंत्रणा उत्तम आहे. पण तुमच्या इथून निघणारी वाघीण रिकामी नसते."

"म्हणजे?"

"दोनेक किलो. कधी थोडे जास्त, कधी थोडे कमी."

वैजयंतीला हसू आले. "सर, तंतूचा एका वेळचा अंदाजच कित्येक किलोंनी इकडेतिकडे होतो. दोन किलो तुम्हाला दिसले कसे?"

"एका वाघिणीत नाहीच दिसत. पण आम्ही वर्षानुवर्षांच्या हजारो वाघिणींची सरासरी काढली. वाऱ्याने, उन्हाने, धक्क्याने होणारी चूक कधी या बाजूला झुकते, कधी त्या बाजूला. पुरेशा वेळा मोजले की ती आपली आपण फिटून जाते. फिटत नाही ती एकाच बाजूला झुकणारी चूक. बाकी सगळ्या तळांची रेघ सरासरीत शून्यावर येऊन बसली. तुमची वर राहिली." त्यांनी पेला खाली ठेवला. "तुमची दारे नीट मिटत नसावीत, किंवा पोटात कुठे धान्य अडकत असावे. पुढच्या आठवड्यात परिषदेचे सदस्य चाचणीला येतील. नियम सरळ आहे. शून्य घेतले त्या क्षणीचे वजन आणि गाडी हलतानाचे वजन एकच असले पाहिजे. तोवर दोष सापडला तर बरे. नाही सापडला, तर हा मान दुसऱ्या तळाकडे जाईल."

त्यानंतरचे दिवस वैजयंती खड्ड्यातच राहिली म्हटले तरी चालेल. दाराची प्रत्येक बिजागरी तिने हाताने चाचपली. वाघिणीच्या पोटाचा उतार तपासला, कोपरे तपासले. गहू, ज्वारी, तूर अशी वेगवेगळी धान्ये उतरवून पाहिली. दारे मिटण्यापूर्वी वाघीण अंग थरथरवते, ती थरथर तिने वाढवून पाहिली. कुठेही दाणा अडकत नव्हता.

भागुजी खड्ड्याच्या काठावर येऊन उभे राहत. "दाराचं काही दुखतंय का गं?"

"दुखत असतं तर बरं झालं असतं, बाबा. काहीच दुखत नाही."

"मग जेवून घे. भाकरी गार होतीय."

दोष यंत्रात सापडेना, तेव्हा एका दुपारी तिने सबनिसांनी दिलेला आलेख पडद्यावर पसरला. इतके दिवस तिने केवळ त्याची उंची पाहिली होती. आता ती त्याची चाल पाहू लागली. यंत्राचा दोष वाढत जातो. बिजागरी सैल झाली की आणखी सैल होते. कोपऱ्यात दाणे चिकटले की त्यांच्यावर आणखी चिकटतात. ही रेघ मात्र तशी वागत नव्हती. ती कित्येक महिने सपाट चाले आणि मग एखाद्या दिवशी पायरी उतरल्यासारखी खाली येई. पुन्हा सपाट. पुढे कुठेतरी तेवढीच पायरी वर.

तिने खाली उतरलेल्या पायरीचा दिवस पाहिला. माघ महिना, तीन वर्षांपूर्वीचा. त्या दिवशी तळावर काय घडले होते? नवे दार बसवले नव्हते, पट्टा बदलला नव्हता. आणि मग तिला आठवले. त्या दिवशी दगडूमामा गेले होते. दगडूमामा टोळीतले सर्वांत वडीलधारे. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून तिने जत्रा पाहिली होती. तिने वर चढलेली पायरी पाहिली. त्याच सुमाराला सकूबाईची सून टोळीत रुजू झाली होती.

यंत्राची रेघ माणसांच्या येण्याजाण्याने कशी हलेल? ती पुढे पाहत गेली. एका जागी रेघेत बारीकशी खाच होती. त्या एका दिवशीच्या गाडीपुरते वजन बरोबर शून्य, जणू जगातला आदर्श तळ तोच. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तो दिवस तिला शोधावा लागला नाही. त्या दिवशी नाशिकला तिचा सत्कार झाला होता. अख्खी टोळी नवे कपडे घालून पहिल्या रांगेत बसली होती, आणि व्यासपीठावरच्या मान्यवरांची भाषणे चालू असताना सकूबाईने शिट्टी मारली होती.

ती उठली आणि उतराईच्या रुळांकडे चालू लागली. नुकतीच एक गाडी रिकामी झाली होती. पलीकडच्या बाजूने, गाडीच्या सावलीतून, टोळी चालली होती. पुढे भागुजी, मागे बाकीचे. वाघिणीपाशी ते थांबले. भागुजींनी झरोक्यातून आत पाहिले, मान हलवली; मग कमरेच्या पिशवीतून दोन्ही हातांनी गहू काढला आणि झरोक्यातून आत सोडला. त्यांच्यामागून सकूबाईने तेच केले. मग तिच्या सुनेने. एकामागून एक प्रत्येकाने आपली ओंजळ आत रिती केली आणि टोळी पुढच्या वाघिणीकडे वळली. कोणी काही बोलत नव्हते. देवघरात निरांजन लावताना जसे कोणी बोलत नाही, तसेच ते होते.

"बाबा!"

भागुजी वळले. हातात गहू तसाच.

"हे काय करताय?"

"काय करतोय म्हंजे? वाघीण चालली, तिला रिकामी कशी पाठवायची?"

"कधीपासून करताय हे?"

"मी टोळीत आलो तेव्हापासून. माझ्या आधीपासून. दगडूमामाच्या बापाच्या काळापासून असंल." भागुजींना प्रश्नाचेच नवल वाटत होते. "कोणाच्या घरून आपल्याकडं वाडगा भरून आला, तर तो रिकामा परत करतो का आपण? चिमूटभर साखर तरी घालतोच ना? मग ही बिचारी एवढी लांबून पोटभर धान्य घेऊन आली. तिच्या पोटात काहीच न ठेवता धाडायची?"

"मला कधी सांगितलं नाहीत."

"त्यात काय सांगायचं? वाडग्यात साखर घालतो ते कोणी सांगत बसतं का?" त्यांनी ओंजळीतला गहू सावरला. "खरं सांगू? तुझं यंत्र गुणी आहे, वैजू. पण त्याला रीत ठाऊक नाही. शेवटच्या दाण्यापर्यंत झाडून घेतं आणि दार लावतं. मला वाटलं, यंत्राला नावं ठेवायला कोणाला जागा नको. म्हणून त्याच्यामागून आपली आम्हीच भर घालतो. खड्ड्याच्या कडेला सांडलेलं असतं ना, तेच पाखडून घेतो. कोठारातला दाणा घेत नाही हो."

वैजयंतीच्या यंत्रात उणे राहू नये म्हणून बाप त्याच्यामागून चालत होता, आणि त्याच चालण्याने यंत्र सदोष ठरत होते. तिने त्यांना सारे समजावून सांगितले. दोन किलो, हजारो वाघिणी, सरासरी, मूलशून्य.

भागुजींनी हातातला गहू पिशवीत परत ठेवला. बराच वेळ ते पिशवीची नाडी बांधत राहिले.

"म्हंजे आमच्यापायी तुझा मान जायचा."

"अगं बाई!" सकूबाई पुटपुटली. "एवढंसं कळतं होय तिला? माझ्या सासूला आयुष्यात कळलं नाही डब्यात किती पीठ उरलंय ते."

पण कोणी हसले नाही.

"आजपासून बंद," भागुजी टोळीकडे वळून म्हणाले. त्यांचा आवाज मुकादमाचा होता. "ऐकलं सगळ्यांनी? बंद."

वैजयंतीने 'नको' म्हटले नाही. म्हणावेसे वाटले, पण तिच्या डोळ्यांसमोर ती सपाट, निर्मळ रेघ उभी होती.

चाचणीच्या दिवशी तळ धुऊन काढला होता. परिषदेचे सदस्य आले, सबनीस आले. त्यांच्यासोबत लाकडी पेटीत मखमलीवर ठेवलेली प्रमाणित वजने आली. वाघिणीला किती लहान भार ओळखता येतो, हे तपासायची ती होती. गाडी खड्ड्यावर आली. एकेक वाघीण उघडली, रिती झाली, मिटली. पडद्यावर दोन आकडे शेजारीशेजारी उमटत होते: शून्य घेतले त्या क्षणीचे वजन आणि आताचे वजन. दोन्ही एकच. शेवटच्या वाघिणीपर्यंत एकच.

"मी इतके स्वच्छ शून्य आजवर पाहिले नाही," सबनीस म्हणाले. त्यांच्या मितभाषी चेहऱ्यावर आनंद स्पष्ट दिसत होता. "वैजयंतीबाई, अभिनंदन. दोष सापडला तर! काय होता?"

वैजयंतीने उत्तर देण्यासाठी तोंड उघडले, आणि तिची नजर रुळांपलीकडे गेली. टोळी तपासणी करत चालली होती. प्रत्येक झरोक्यापाशी थांबून भागुजी आत पाहत होते आणि मान हलवत होते. मग त्यांचे दोन्ही हात आपसूक कमरेपर्यंत जात आणि तिथूनच मागे फिरत. तिथे पिशवी नव्हती. प्रत्येक वाघिणीपाशी हात तसेच जात होते आणि तसेच रिकामे मागे येत होते. त्यांच्या मागून सकूबाईचे. तिच्या मागून सुनेचे.

आयुष्यभर वैजयंतीने मापाचे काम केले होते. परीक्षक समोर असतानाचे माप आणि तो गेल्यावरचे माप वेगळे असेल, तर त्याला काय म्हणतात, हे तिला कोणी शिकवायला नको होते.

"दोष नव्हता," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"सर, हे शून्य खरे आहे. पण हे देवसगाव नाही. आज तुमच्यासाठी आम्ही दुसरेच गाव मांडून ठेवले आहे."

मग तिने सदस्यांना सगळे सांगितले. पायऱ्या दाखवल्या, दगडूमामांचा दिवस दाखवला, नाशिकच्या सत्काराची खाच दाखवली. ऐकणाऱ्यांपैकी एका वृद्ध सदस्याने डोळ्यांवरचा चष्मा काढून हातात घेतला.

सबनिसांनी पुन्हा एकदा पडद्यावरच्या आकड्यांकडे पाहिले. "बाई, तुम्ही गप्प राहिला असता तर अर्ध्या तासात कागद तुमच्या हातात होता. अजूनही आहे. ही गाडी अशीच जाऊ द्या. मान घ्या. तुमच्या रीतीचे काय करायचे, ते मागाहून बोलता येईल."

बोलणे ऐकून भागुजी रूळ ओलांडून आले होते. "साहेब बरोबर सांगतात, वैजू. जाऊ दे तशीच. आमचं काय अडलंय?"

"तुमचं नाही अडलं. माझं अडलंय, बाबा." ती वडिलांकडे वळली. "मुकादम, गाडी सुटायची आहे. टोळीला सांगा."

तिने त्यांना मुकादम अशी हाक आजवर कधी मारली नव्हती. भागुजी जागचे हलले नाहीत. "मी नाही सांगायचो. तुझं काम बुडवून मला रीत नाही पाळायची."

"तुम्ही नका सांगू," सकूबाई म्हणाली. तिने पदराच्या आडून पिशवी काढली. ती तिने आणली होती, हे पाहून सूनही थक्क झाली. "बंद म्हणाला होता तुम्ही, मुकादम. टाकायची बंद म्हणाला होता. आणायची बंद असं काही मी ऐकलं नाही."

ती पहिल्या वाघिणीकडे गेली. ओंजळ भरली आणि झरोक्यातून आत सोडली. तिच्याच पिशवीतून सुनेने घेतली, मग इतरांनी. सरतेशेवटी भागुजी पुढे झाले. त्यांच्या हातांतून गहू सुटताना त्याचा पोलादावर पडल्याचा आवाज सर्वांना ऐकू आला.

"हलवू नका!" अचानक सबनीस ओरडले. ते पडद्यापाशी होते. "गाडी हलवू नका. हे पाहा. पाहा सगळ्यांनी!"

पहिल्या वाघिणीपुढचा दुसरा आकडा बदलला होता. कित्येक टनांची ती पोलादी काया जागीच उभी होती. वारा पडलेला होता, चाके थांबलेली होती. नुकतेच घेतलेले शून्य अजून ताजे असल्यामुळे उन्हाची आणि धक्क्यांची जुनी चूक त्यात मिसळलेली नव्हती; दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला, की मधले तेवढेच उरत होते. हजारो वाघिणींची सरासरी काढून जे दिसले होते, ते आज एकाच वाघिणीत डोळ्यांसमोर उमटले होते. सगळ्या टोळीच्या ओंजळी, दोन किलोला थोड्या कमी.

"आम्ही दिल्लीहून वजनांची पेटी आणली ती एवढ्यासाठीच," सबनीस स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले. "शून्यानंतर लगेच लहानसा भार ठेवून पाहायचा, वाघीण जागी आहे की नाही ते. वर्षाकाठी एकदा. आणि इथे..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. पेटी मात्र त्यांनी उघडली. एकेक वजन झरोक्यातून आत ठेवून, काढून, पुन्हा ठेवून त्यांनी तासभर खातरजमा केली. पेटीतल्या वजनांनी जे सांगितले, तेच ओंजळींनी आधी सांगितले होते.

"मग मिळाला का मान?" सकूबाईने विचारले.

"ते आज सांगता येणार नाही, बाई. आमच्या नियमात फक्त दोन रकाने आहेत, भरलेली आणि रिकामी. तुमच्या गाडीला तिसरा लागतो. तो मांडायचा कुठे, हे परिषदेला बसून ठरवावे लागेल. ती नाहीही म्हणू शकते."

गाडी सुटली. नियमाप्रमाणे तिचा चाचणीचा निकाल 'अमान्य' असा नोंदला गेला. संध्याकाळी घरी वैजयंती आणि भागुजी एका ताटात जेवले. भागुजींनी एकदाच विचारले, "पस्तावा होतोय का?" तिने नाही म्हटले, आणि ते खरे होते. तरीही तिने निम्मी भाकरी ताटातच ठेवली. इतक्या वर्षांचा ध्यास हातात येऊन तिने स्वतःच खाली ठेवला होता.

परिषदेने पावसाळा उलटेपर्यंत वेळ घेतला. तिथे वाद झाले. मापात माणसाचा हात येता कामा नये, असे काहींचे म्हणणे पडले. तो वृद्ध सदस्य म्हणाला म्हणे, की जिथे हात आला आणि तो लपवला नाही, तिथलेच माप मी प्रमाण मानीन. नवरात्रात, घटस्थापनेच्या दिवशी, सबनिसांचा फोन आला तेव्हा टोळी शेडखाली चहा पीत होती. वैजयंती ऐकत उभी राहिली. तिने फोन ठेवला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले. ते पाहून भागुजी घाईने उठले.

"नाही म्हणाले?"

"हो म्हणाले, बाबा. मूलशून्य देवसगावचं. सगळ्या देशाच्या वाघिणी आता आपल्या शून्याशी जुळवून घेतील."

शेडखाली एकच गलका झाला. गडबडीत कोणाच्यातरी हातून चहाचा पेला उलटला. भागुजी मात्र तसेच उभे होते.

"आणि ते... आपलं? बंद करायचं?"

"नाही. नियमच बदललाय. दार मिटलं की शून्य घ्यायचं; ते झालं प्रमाण. त्यानंतर तुम्ही टाकणार, त्याचा आकडा वेगळ्या रकान्यात. वाघीण आपली रोजच्या रोज तपासली जाते त्यामुळे. इतर तळांवरही सुरू करणार आहेत म्हणे, पण तिथे प्रमाणित वजनं ठेवतील. ओंजळ फक्त इथे."

"रोज?" सकूबाईने संशयाने विचारले.

"रोज, मावशी. आणि आकडा एकदम उतरला, तर दिल्लीहून विचारणा होईल, काय झालं म्हणून."

"घ्या!" सकूबाईने कपाळावर हात मारला. "म्हंजे आता एक दिवस अंथरुणाला खिळायची सोय राहिली नाही. मी पडले आजारी, की दिल्लीला कळणार सकू आज आली नाही!"

सगळे हसले. हसू ओसरले तरी भागुजी शेडमधल्या पडद्यावर नुकत्याच उमटलेल्या नव्या, अजून कोऱ्या रकान्याकडे पाहत होते. त्याच्या माथ्यावरची अक्षरे त्यांना वाचता येत नव्हती, पण माणसे गाभाऱ्यात पाहतात तशा आदराने ते ती पाहत होते.

"विचारू देत की," ते शेवटी म्हणाले. "उत्तर द्यायला आमची वैजू आहे."

दूरच्या वळणावर गाडीची शीळ झाली. भागुजींनी पिशवी कमरेला बांधली, आणि टोळी उठली.